रिठ्याचा लेप

स्वप्नाली चौगुलेच्या घरात शाम्पूची बाटली कधी शिरली नाही. जाहिरातवाल्यांनी जंग जंग पछाडलं, पण कुरणवाडीतल्या त्या घराच्या न्हाणीत, कोनाड्यात, रिठ्याची टरफलं भिजत घातलेलं एक पितळी भांडं होतं आणि तेच राहिलं. आजरा तालुक्यात विजेवरची एसटी आली, सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला माणूस लागेनासा झाला, जंगलावर पाळत ठेवणारी ड्रोन डोक्यावरून घिरट्या घालू लागली. कोनाडा मात्र जिथल्या तिथे.

“तुझ्या घरात देवापेक्षा रिठ्याला मान,” असं तिचा नवरा संग्राम म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. केस रिठ्याने, पैंजण रिठ्याने, लग्नातला शालूसुद्धा रिठ्याच्याच पाण्यात. विंचू चावला की टरफल सहाणेवर उगाळून लेप. संग्रामची अर्धशिशी उठली की नाकात त्याच पाण्याचा थेंब. शिंकून शिंकून बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा, पण डोकं उतरायचं. गावातल्या एका पोरीने रागाच्या भरात गोचीड मारायचं औषध पोटात घेतलं, तेव्हा गाडी येईपर्यंत स्वप्नालीने तिला रिठ्याचं कडू पाणी पाजून ओकायला लावलं होतं. असं करायचं नसतं म्हणून डॉक्टरांनी नंतर तिला झापलं, ते तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. पोर जगली होती ना, मग झालं.

परसात रिठ्याची तीन झाडं होती. फळं वाळवायची, फोडायची, शिकेकाई आणि आवळकाठीबरोबर दळायची आणि गडहिंग्लजच्या बाजारात न्हाण्याची पूड म्हणून विकायची, हा तिचा धंदा. पण रिठा हे औषध आहे असं कुणी म्हटलं असतं तर ती हसली असती. पाण्याला कुणी औषध म्हणतं का? ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घसरलं.

रविवारी शर्वीचं न्हाणं. शर्वी आठ वर्षांची, केस कमरेच्या खाली, स्वभाव बापासारखा बडबडा. तिकडच्या पोरी बोलतात तशी स्वतःबद्दल ‘येतो, जातो’ म्हणणारी. पाटावर बसायची ती डोळे उघडे ठेवूनच.

“डोळे मीट गं.”

“मिटलोय की.”

“काय मिटलीस? टुकूटुकू बघतीस ते दिसतंय मला. मीट, झोंबंल.”

मग फेस यायचा, मग एखादा थेंब डोळ्यात जायचाच, मग आरडाओरडा, मग आईच्या पदराने डोळे पुसणं. दर रविवारी हेच. स्वप्नालीला आठवडाभरातला तो अर्धा तास फार आवडायचा.

माकडताप आधी खाली, घाटाच्या पलीकडे होता. जंगलात माकडं मरायची, त्यांच्या अंगावरचे गोचीड माणसांना चावायचे आणि काजू वेचायला गेलेली माणसं तापाने फणफणून रक्त ओकायची. उन्हाळे लांबले तसा तो घाट चढून वर आला. संग्राम जळण आणायला गेला होता. एक गोचीड, दिसतो तरी केवढा. पंधरवड्याच्या आत तो गेला. स्वप्नालीने रडून घेतलं, नणंदेच्या गळ्यात पडून घेतलं, आणि मग शर्वीला जंगलाच्या बाजूला फिरकू देईना. पोर अंगणात जरी उतरली तरी संध्याकाळी तिचं अंग ती तिळातिळाने तपासायची.

दुसऱ्या वर्षी नवी लस येणार अशी बातमी आली आणि तिच्यामागून कंपनीची माणसं रिठे गोळा करायला आली. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये एका तरुण बाईने पडद्यावर चित्रं दाखवून सगळं समजावलं.

लस म्हणजे विषाणूचा नुसता मुखवटा, ती म्हणाली. शरीराला तो दाखवायचा आणि सांगायचं, हा चेहरा लक्षात ठेव, पुन्हा दिसला तर सोडू नको. पण शरीर असतं सुस्त. मुखवटा पाहतं आणि विसरून जातं; म्हणूनच जुनी लस फोल ठरली. रिठ्याला फेस आणणारं जे द्रव्य आहे, सॅपोनिन, ते तेलकट पदार्थांत घुसतं, म्हणून तर केस स्वच्छ होतात. आपल्या पेशींची आवरणंही तेलकटच असतात. सॅपोनिन त्यांना बारीक भोकं पाडतं, पेशी धोक्याचा इशारा देतात आणि शरीराचे पहारेकरी धावत तिथे जमतात. त्या वेळी तिथे जो मुखवटा सापडेल तो ते कायमचा टिपून घेतात.

“शाळेत मास्तर टेबलावर छडी आपटायचे ना,” बाई म्हणाली, “तशी ही छडी. छडी आपटली त्या क्षणी फळ्यावर जे असेल ते जन्मभर लक्षात राहतं. लशीत आम्ही हे द्रव्य गाळून, अगदी मोजून घालतो.”

स्वप्नालीची छाती फुगली. घरी येऊन तिने झाडांना पाणी घातलं. “आपल्या रिठ्याची लस, शर्वे,” ती म्हणाली. “तुझ्या बाबाच्या वेळी असती तर.”

लस आली तेव्हा रांगेत शर्वीचा नंबर पहिल्या पाचांत होता. नर्सने सुई टोचली आणि नेहमीचं सांगितलं: हात दुखेल, सुजेल, त्या जागी बाम लावू नका, तेल चोळू नका, गार पाण्याची पट्टी ठेवा. स्वप्नालीने मान डोलावली. तिने ना बाम लावला ना तेल चोळलं.

दंड मात्र चांगलाच सुजला. लाल, गरम, हात लावू देईना. शर्वीने खाजवून खाजवून त्यावर ओरखडे काढले आणि रडून घर डोक्यावर घेतलं. स्वप्नालीचा जीव कासावीस झाला. तिने टरफल घेतलं, सहाणेवर उगाळलं आणि बोटाने हलक्या हाताने लेप दिला. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. आत रिठाच आहे, वर रिठाच लावला. झोंबलं म्हणून शर्वी किंचाळली, मग गारवा लागला तशी झोपली. सकाळी तिने पुन्हा लेप दिला, संध्याकाळी पुन्हा. बोटाने गोल गोल फिरवत, फुंकर घालत, गुणगुणत. सूज उतरेपर्यंत तिने हे केलं, आणि उतरली तेव्हा शेजारणीला सांगितलंसुद्धा, की बघा, गोळीची गरज लागली नाही.

शिंका सुरू झाल्या तेव्हा थंडीचे दिवस होते, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मग डोळे लाल झाले. मग अंगावर गांधी उठू लागल्या, रुपयाएवढ्या, खाजऱ्या. गंमत अशी की शाळेत पोर ठणठणीत असायची. घरी आली, आईच्या कुशीत शिरली की तासाभरात नाक वाहायला लागायचं. स्वप्नालीने मांजर नणंदेकडे धाडलं. दळण बंद केलं. गाद्या उन्हात घातल्या, घराला चुना दिला, शेवटी स्वयंपाकाचं तेल बदललं. ती बिचारी घरभर शत्रू शोधत होती आणि जिथे जाईल तिथे शत्रू तिच्याबरोबर चालत होता.

“हवापालट म्हणून धाड इकडं,” गडहिंग्लजहून नणंद म्हणाली. सुवर्णावन्सं तशी फटकळ, पण भावाची एकुलती एक लेक म्हणजे तिचा जीव की प्राण. शर्वी तिच्याकडे गेली आणि खडखडीत बरी झाली. फोनवर तिच्या उड्या बघून स्वप्नालीला हायसं वाटलं. तिला वाटलं, कुरणवाडीची हवाच वाईट. आपणच गडहिंग्लजला खोली घेऊन राहावं. ती सुट्टीच्या दिवशी एसटीने गेली.

शर्वी फाटकातच उभी होती. “आई!” म्हणत धावत आली, कमरेला मिठी मारली, तोंड पोटात खुपसलं. स्वप्नालीने तिला उचललं, मुके घेतले, गालाला गाल घासला.

“आई, माझा घसा,” शर्वी म्हणाली.

तिचे ओठ सुजत होते. बघता बघता डोळे मिटले, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. स्वप्नाली तिला आणखी घट्ट धरत होती, कवटाळत होती, पाठीवरून हात फिरवत होती, आणि पोर तिच्या हातात निळी पडत होती. सुवर्णावन्संनी हिसकावून घेतलं आणि रिक्षात घातलं म्हणून दवाखाना गाठता आला.

कोल्हापुरातल्या मोठ्या इस्पितळात डॉ. तबस्सुम मुजावर ॲलर्जीच्या तज्ज्ञ होत्या. पन्नाशीच्या, आवाज शांत, उगाच धीर देत बसायची सवय नसलेल्या. त्यांनी शर्वीच्या पाठीवर बारीक थेंबांच्या रांगा टोचल्या: धूळ, परागकण, मांजर, झुरळ, दूध, शेंगदाणे. काही उठलं नाही. मग घरातल्या माणसांचे नमुने घेतले, नुसता संशय फिटावा म्हणून. एक थेंब लिंबाएवढा फुगला.

त्यांनी स्वप्नालीला आणि सुवर्णावन्संना खोलीत बसवलं.

“स्वप्नालीताई, तिला तुमची ॲलर्जी आहे.”

“माझी म्हंजे? माझ्या साडीची?”

“तुमची. माणसाच्या कातडीची सालपटं सारखी झडत असतात, दिसत नाहीत इतकी बारीक. केसांतला कोंडा, घाम, थुंकी. तिचं शरीर त्यांना शत्रू समजतं.”

“मी आई हाय तिची, मॅडम. माझ्याच रक्तामासाची हाय की ती.”

“अर्धीच,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचा अर्धा भाग तिच्यात उतरला आहे. तो तिला ओळखीचा आहे, त्याचा काही त्रास नाही. पण तुमचा जो अर्धा भाग तिच्यात आलाच नाही, तो तिच्या शरीराला परका. एरवी शरीर अशा परक्याकडे काणाडोळा करतं. पोटात असल्यापासून त्याला ती सवय असते. ही सवय कशाने तरी मोडली. लशीच्या दिवसांत शरीर फार जागं असतं. त्या वेळी सुईच्या जागी काही लावलं होतं का? मलम, बाम, तेल?”

“न्हाई. नर्सबाईनं सांगितलं होतं, काय लावायचं न्हाई म्हणून. गार पट्टी ठेवली.”

तुम्ही म्हणाल, इथे तिने सांगायला हवं होतं. पण तिला विचारलं मलम, बाम आणि तेल. ती तिन्ही तिने लावली नव्हती. ती खोटं बोलत नव्हती, आणि खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, निदान मनात बोचत तरी राहिलं असतं.

उपाय होता. जे बाधतं तेच कणाकणाने देऊन शरीराला पुन्हा सवय लावायची. स्वप्नालीच्या कातडीचा आणि केसांचा अर्क काढून, पाण्यात लाखपट पातळ करून, त्याचा थेंब रोज शर्वीच्या जिभेखाली. हळूहळू थेंब दाट करत न्यायचा. वर्ष तरी लागणार होतं. तोवर दोघींनी एका छपराखाली राहायचं नाही.

शर्वीचं नाव गडहिंग्लजच्या शाळेत घातलं. तिच्या मनगटावर श्वास मोजणारा पट्टा आला. स्वप्नालीने शिवलेला फ्रॉक पाठवला, तो सुवर्णावन्संनी उकळत्या पाण्यातून काढला तरी शर्वीला गांधी उठल्या. बेसनाचे लाडू पाठवले, ते शेजाऱ्यांना वाटावे लागले. पुढे स्वप्नालीने काही पाठवलं नाही. उलट्या बाजूने मात्र काहीच आडकाठी नव्हती. शर्वीच्या वह्या, चित्रं, आखूड झालेले कपडे कुरणवाडीला यायचे आणि स्वप्नाली ते उशाशी घेऊन झोपायची. तिला शर्वीचं काही बाधत नव्हतं.

रोज सकाळी शाळेच्या आधी फोनच्या पडद्यावर भेट व्हायची.

“आज दोन थेंब प्यालो तुला,” शर्वी म्हणायची. “आई, तू खारट लागतीस.”

“मग साखर घालून घे.”

“डॉक्टरबाई नको म्हणत्यात.”

स्वप्नाली हसायची, फोन ठेवायची आणि मग चुलीपुढे बसून राहायची. तेवढ्या वर्षात ती वाळून अर्धी झाली. रिठ्याचा धंदा चाललाच होता; कंपनीला फळं लागत होती, आणि रिठ्याशिवाय दुसरं तिला येतही नव्हतं.

उपचार लागू पडला. लिंबाएवढा फुगणारा थेंब सुपारीएवढा झाला, मग मसुराएवढा. डॉ. मुजावर फार हसणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या दिवशी हसल्या. “भेटा,” त्या म्हणाल्या. “उघड्या हवेत, तासभर. तेल नको, अत्तर नको, पावडर-क्रीम नको. स्वच्छ आंघोळ, धुतलेले कपडे. आधी एकदा भेटा, मग महिन्यातून दोनदा, मग बघू. घाई करू नका, पण मला वाटतं, पुढच्या वर्षी ती तुमच्या घरी असेल.”

गडहिंग्लजच्या घरामागच्या अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. श्वास अडलाच तर टोचायचं इंजेक्शन हातात धरून सुवर्णावन्सं उभीच. शर्वी आधी लांब उभी राहिली. वर्षभरात ती उंच झाली होती, पडलेल्या दातांच्या जागी नवे आले होते. मग ती हळूहळू आली आणि आईच्या हाताला एक बोट लावलं. पट्ट्याकडे बघितलं. हिरवा दिवा. मग आख्खा हात धरला. हिरवा. मग मांडीवर येऊन बसली आणि तिघीही रडल्या.

“आई,” थोड्या वेळाने ती म्हणाली, “माझं डोकं धू की.”

“आत्ता?”

“आत्तीच्या शाम्पूनं नुसता वास येतोय. केसांचं दोर झाल्यात. तू धू.”

“मॅडमनी सांगितलंय, अंगाला वासाचं काय लावायचं न्हाई,” स्वप्नाली म्हणाली आणि नणंदेकडे बघितलं.

“रिठ्याला कुठला आलाय वास,” सुवर्णावन्सं म्हणाली. “धू बाई. पोर किती दिस मागं लागलीया. मी पाणी तापवतो.”

स्वप्नालीच्या पिशवीत टरफलं होती. सुवर्णावन्संसाठी आणलेली, चांदी घासायला, पूर्वी दर खेपेला आणायची तशी. ती गरम पाण्यात कुस्करली आणि बघता बघता बादलीभर फेस झाला.

“डोळे मीट गं.”

“मिटलोय की.”

“टुकूटुकू बघतीस.”

तिने लेकीच्या डोक्यावर दहाही बोटं फिरवली. वर्षभराची राहिलेली माया तिने त्या बोटांत आणली. गुंता सोडवताना टाळूला नखं लागली, कानामागे उवांनी खाऊन झालेल्या जखमा होत्या त्या तिने हळुवार चोळून साफ केल्या. एक थेंब डोळ्यात गेला, ओरडा झाला, पदराने डोळे पुसले. पट्ट्यावरचा दिवा हिरवाच होता. तासाची मर्यादा कधी उलटली ते तिघींनाही कळलं नाही. परतताना एसटीत स्वप्नाली बोटांचा वास घेत बसली होती.

त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत शर्वीने डोकं धुऊन घेतलं.

तिसऱ्या भेटीनंतर एका सकाळी सुवर्णावन्संनी नेहमीचा थेंब शर्वीच्या जिभेखाली टाकला आणि शर्वी जागच्या जागी कोसळली. या वेळी श्वासनलिकेत नळी घालावी लागली. स्वप्नाली धावत इस्पितळात आली, पण तिला जिन्यातच अडवलं. वरच्या मजल्यावरच्या हवेतही तिने असणं धोक्याचं होतं. खाली वाहनतळाशेजारच्या बाकावर ती दिवसभर बसली.

शर्वी बोलू लागल्यावर डॉ. मुजावरांनी तिला भेटींबद्दल विचारलं. कुठे बसलात, काय खाल्लं, आईने काय नेसलं होतं. शर्वीने सगळं सांगितलं. “आणि आईनं डोकं धुतलं माझं,” ती म्हणाली. “रिठ्यानं. लई भारी धुती आई.”

डॉक्टर खाली बाकापाशी आल्या आणि स्वप्नालीच्या शेजारी बसल्या.

“लशीच्या वेळी दंडावर रिठा लावला होता का?”

“लेप दिला होता. सूज होती म्हणून.” स्वप्नाली त्यांच्याकडे बघत राहिली. “का?”

तिने विचारलं खरं, पण उत्तर तिला माहीत होतं. ग्रामपंचायतीचा हॉल, पडदा, ती तरुण बाई. छडी आपटली त्या क्षणी फळ्यावर जे असेल ते.

“लशीत ते द्रव्य मोजून होतं आणि समोर विषाणूचा मुखवटा होता,” डॉक्टर म्हणाल्या. “बाहेरून तुम्ही लावलात तो कच्चा रिठा, न मोजलेला, ओरखड्यांवर. आणि त्याच्याबरोबर तुमच्या बोटाची कातडी. छडी पुन्हा आपटली, ताई, आणि या खेपेला फळ्यावर तुम्ही होता. आपण वर्षभर ते पुसत आणलं. आता पुन्हा तेच झालं. तीनदा.”

“मी तिला स्वच्छ करत होते.”

“मला ठाऊक आहे.” डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच हलला. “मी बाम विचारला, तेल विचारलं. लशीच्या कागदावर रिठा रोज वाचत होते, आणि तो तुमच्या न्हाणीत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. हे तुमच्या एकटीच्या माथी नाही.”

“परत थेंब द्यायचं?”

“आता लाखातला एक कणही तिला सोसत नाही. देता येणार नाही.”

“मग कधी?”

“मला माहीत नाही. खोटं सांगून तुम्हाला आशेवर ठेवणार नाही.”

स्वप्नालीने मान हलवली. वर खिडकीत शर्वी आली का हे बघायला तिने मान वर केली. सगळ्या खिडक्या बंद होत्या.

तिला कुणी दोष दिला नाही. सुवर्णावन्सं म्हणाली, “मीच पाणी तापवून दिलं न्हवं? तू काय मुद्दाम केलंस व्हय?” गावातल्या कुणी झाडं तोडून टाक म्हणून सुचवलं. ती म्हणाली, झाडांनी काय केलंय. कंपनीची गाडी आली तेव्हा तिने फळं भरून दिली, कारण लस हवीच होती. घाटावर त्या वर्षी माकडतापाने कुणी मेलं नाही. पण न्हाणीतलं भांडं तिने उपडं घातलं. ती साध्या पाण्याने न्हाऊ लागली आणि तिचे केस राठ झाले.

पडद्यावरची सकाळची भेट चालू राहिली. एक दिवस शर्वी विस्कटलेल्या केसांनीच पडद्यासमोर आली.

“आत्तीला जमत न्हाई,” ती म्हणाली. “रोज गुंता, रोज भांडण. कापून टाकू?”

“काप.”

“तू रागावणार न्हाईस?”

“न्हाई.”

“मग तुला पाठवतो.” शर्वीने पडद्याकडे नीट बघितलं. “माझं तुला चालतंय न्हवं?”

“चालतंय.”

एसटीच्या पार्सलमधून वेणी आली. लाल रिबिनीने दोन्ही टोकांना बांधलेली, हातभर लांब, शाम्पूचा गोड वास असलेली. बरोबर चिठ्ठी नव्हती. स्वप्नालीने ती मांडीवर घेतली आणि दुपार सरेपर्यंत तशीच बसली. मग उठली. उपडं घातलेलं भांडं तिने उलटून सरळ केलं, टरफलं घातली, पाणी तापवून ओतलं.

न्हाणीत पाटासमोर बसून तिने रिबिनी सोडल्या. केस पाटावर मोकळे पसरले. गुंता होताच, वन्संना कधी जमलं नव्हतं ते. तिने बोटांनी एकेक बट वेगळी केली, फेस लावला, मुळापासून टोकापर्यंत हळूहळू चोळलं. जिथे मुळं संपत होती तिथे तिचा हात दर वेळी थांबत होता.

फेस पुष्कळ झाला. तिने तांब्या भरून घेतला आणि दुसऱ्या हाताचा आडोसा धरला.

“डोळे मीट गं,” ती म्हणाली, आणि थोडं थांबून तिने पाणी ओतलं.